कवळी आणि पेरूची फोड

आमच्या बत्तिशीला लाज म्हणून काही माहीतच नव्हती. शाळेत मास्तरांचा मार खातानाही हा सगळे दात काढून हसायचा, म्हणून बत्तिशी हे नाव पडलं, आणि पुढे पठ्ठ्याने धंदाही दातांचाच धरला. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन याच्याकडे पाठवतात आणि हा त्यावरून कवळ्या बनवतो. त्याचं वर्कशॉप आणि माझं चष्म्याचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. त्याचं घासायचं यंत्र सुरू झालं की माझ्या कपाटातल्या फ्रेमा थरथरतात आणि माझं डोकं उठतं. इतकी वर्षं मी हे सोसलंय, त्यामुळे त्याच्याबद्दल बरंवाईट बोलायचा हक्क माझ्याइतका कुणालाच नाही.

कामात मात्र त्याचा हात धरणारा दुसरा नाही, हे मान्य करावंच लागेल. वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं की चपलांना प्लास्टरची पांढरी धूळ लागते. वितळलेल्या मेणाचा वास नाकात बसतो. भिंतीवरच्या फळ्यांवर लोकांचे प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून बसलेले असतात. समोरून जाणाऱ्या माणसाला हा चेहऱ्यावरून ओळखणार नाही, पण त्याने जांभई दिली की लगेच हाक मारेल. खोट्या दाताला खऱ्याचा रंग कसा द्यायचा, एखादा दात किंचित वाकडा बसवून सगळी ओळ खरी कशी भासवायची, हे त्याच्याकडून शिकावं. खोड एकच. केलेलं काम चार लोकांना दाखवून शाबासकी घेतल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे.

या खोडीपायी त्याने आपल्या आईची कवळी बनवली.

आई म्हणजे आमच्या मावशी. वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत बत्तिशी, वहिनी आणि मावशी असे तिघं राहतात. मावशींचे वरचे सगळे दात गेले होते आणि खाली पुढचे चार तेवढे स्वतःचे उरले होते. बाकीचं काम एक जुनी कवळी करायची. ती कुठल्या कारागिराने बनवली होती देव जाणे. दात आखूड, सपाट, पिवळट, सगळे एकाच मापाचे. पण मावशी त्या कवळीने काय वाटेल ते खायच्या. पेरू म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. पिकलेला मऊ पेरू त्यांना चालायचा नाही, कडकच हवा. जिन्याच्या पायरीवर बसून कराकरा खायच्या, कवळीखाली बी गेली की नळाखाली कवळी धुवायच्या, आणि पुन्हा सुरू. आमच्या शाळेच्या काळापासून मी त्यांना खातानाच पाहत आलोय आणि खाताना त्यांच्याकडे पाहायला बरं वाटायचं.

बत्तिशीला मात्र ती कवळी डोळ्यांत खुपायची. "कवळीवाल्याच्या आईच्या तोंडात हे असलं! लोक काय म्हणतील मला?" लोक काहीही म्हणत नव्हते. पण याने नवी कवळी करायला घेतली आणि महिनाभर दुसरं काही बोलला नाही. दात उंच, टोकदार, तरुण माणसाच्या दातांसारखे निवडले. ओठ भरलेला दिसावा म्हणून पुढची ओळ जरा बाहेर काढली. हिरडीला गुलाबी रंग देताना त्यात बारीक तांबड्या शिरासुद्धा घातल्या. कवळी मावशींच्या तोंडात बसली तेव्हा त्या एकदम दहा-पंधरा वर्षांनी लहान दिसायला लागल्या. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बत्तिशीने जुनी कवळी टेबलावर ठेवली, प्लास्टर फोडायची हातोडी उचलली आणि म्हणाला, "हिचं काम संपलं." एका घावात तिचे तुकडे झाले. मावशीही हसल्या. हसताना त्यांनी तोंडावर हात धरला होता, ते मला आजही आठवतं.

मावशींचा हसरा फोटो वर्कशॉपच्या दारासमोर लागला. डॉक्टरांनी पाठवलेली गिऱ्हाइकं स्वतः दात निवडायला यायची, रविवारी जास्त. कुणी कवळी करून घ्यायला आलं आणि जरा का कू करायला लागलं की हा जिन्याखालून हाक मारायचा, "आई, जरा खाली ये गं." मावशी हात पुसत खाली यायच्या, ट्यूबलाइटखाली उभ्या राहायच्या. "हसून दाखव." त्या हसायच्या. "आता सांगा साहेब, खरे की खोटे?" साहेब वाकून बघायचे, थक्क व्हायचे आणि काम द्यायचे. मावशी पुन्हा जिना चढून वर. त्यांना हसून दाखवायला सांगितलं गेलं कितीतरी वेळा. चावून दाखवा असं कुणी म्हटलं नाही.

पुढच्या काही महिन्यांत मावशी जिना चढताना मध्येच थांबायला लागल्या. पायरीवर बसून पोटऱ्या चोळायच्या. मी विचारलं की म्हणायच्या, "वय झालं रे, आणखी काय." पेरू बंद झाला होता. विचारलं तर थंडी बाधते म्हणाल्या. लिंबू नको, आंबट सोसत नाही. संत्रं नको, घशाला लागतं. भाजी हवी, पण अगदी मऊ. वहिनींनी मऊ केली. आणखी मऊ हवी म्हणाल्या, तेव्हा कुकरच्या शिट्ट्या वाढवल्या, पाणी काढून टाकलं, घोटून घोटून लगदा केला, आणि सकाळचं ते उरलेलं संध्याकाळी परत उकळलं. बाकी मऊ भात आणि चहात बुडवलेलं बिस्किट. वहिनी बिचाऱ्या सासूबाईंच्या तोंडाला जपत होत्या. त्यांचं काय चुकलं, ते त्यांना कोण सांगणार?

मग पायांवर डाग दिसायला लागले. निळे, जांभळे, काही कडेने पिवळे पडलेले. "खाटेला आपटले," मावशी म्हणायच्या. खाट एक आणि डाग रोज नवे. खाली उरलेल्या चार दातांभोवतीच्या हिरड्या सुजून काळ्या-जांभळ्या झाल्या. दात घासले की बेसिनमध्ये रक्त.

हे बत्तिशीच्या लक्षात आलं, नाही असं नाही. पण त्याने ते आपल्या धंद्याच्या नजरेने पाहिलं. कवळी कुठे जास्त टेकते हे कळावं म्हणून हे लोक एक निळा कागद दातांमध्ये धरायला लावतात. जिथे दाब जास्त, तिथे निळा ठिपका उमटतो आणि तेवढं घासून काढायचं. खालच्या अर्ध्या कवळीची, उरलेल्या चार दातांना अडकवलेली तार हिरडीला लागत असणार असं त्याने ठरवलं. रोज सकाळी मावशींना खुर्चीत बसवायचा, निळा कागद धरायचा, तार जराशी वाकवायचा.

"आता कसं वाटतंय?"

"छान आहे रे."

"लागत नाही ना कुठे?"

"छे छे. अगदी छान."

हा खूश. रोज आईच्या तोंडात पाहायचा, ताटात एकदाही पाहिलं नाही.

समोरच्या शिलाईवालीने मावशींच्या दंडावरचा डाग पाहिला आणि गल्लीत कुजबूज सुरू झाली. वहिनी वाण्याच्या दुकानात शिरल्या की दोन बायका गप्प व्हायच्या. वहिनींना सुरुवातीला कळेना. कळलं तेव्हा त्या माझ्या दुकानात आल्या, गिऱ्हाईक होतं तरी तिथेच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, मी मारते का हो आईंना? तुम्ही शेजारी आहात. तुम्हाला कधी ऐकू आलंय का?" मी गिऱ्हाइकाला उद्या या म्हटलं, गाडी काढली आणि त्या सगळ्यांना दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई मध्यमवयीन होत्या. बोलायला थोड्या तुटक. त्यांनी मावशींचे पाय पाहिले, दंड पाहिले, मग बत्तिशीकडे आणि वहिनींकडे पाहिलं. "तुम्ही दोघं जरा बाहेर बसा," म्हणाल्या. "मी यांच्याशी एकटीने बोलते."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. बत्तिशीला आधी काही समजलं नाही. "आत का नको आपण?" असं त्याने मला विचारलं. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मग ते त्याच्या ध्यानात आलं. आतमध्ये कुणीतरी त्याच्या आईला विचारत होतं की घरात तुमच्यावर कोण हात उचलतं. त्याचा चेहरा उतरला. दात ओठांआड गेले. इतक्या वर्षांत याचं तोंड मिटलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. नर्स समोरून गेली तेव्हा त्याने मान खाली घातली, जणू काही खरंच मारलं होतं.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टरीणबाईंचा आवाज बदलला होता. त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला. "काय खातात या?"

"सगळं खाते मी," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला नाही विचारलं."

वहिनींनी सगळं सांगितलं. मऊ भात, बिस्किटं, उकळून उकळून केलेला भाजीचा लगदा. फळ? नाही. लिंबू? नाही. कच्चं काही? नाही. किती महिने? वहिनी बोटांवर मोजायला लागल्या.

"स्कर्व्ही असावा असं मला वाटतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "क जीवनसत्त्व कमी पडलं की होतो. पूर्वी खलाशांना व्हायचा, महिनोन्महिने समुद्रावर, ताजं काही मिळायचं नाही म्हणून. आपल्या शरीराला हे जीवनसत्त्व स्वतः बनवता येत नाही, फार दिवस साठवूनही ठेवता येत नाही. ते खाण्यातूनच यावं लागतं. ते नसेल तर कातडी, हिरड्या, रक्ताच्या बारीक नळ्या, सगळ्यांची बांधणी सैल होते. हात लावला तरी डाग पडतो. रक्त तपासू, पण औषध आजपासूनच सुरू करू."

"अहो पण घरात भाजी असते रोज," वहिनी म्हणाल्या.

"असते ना. पण हे जीवनसत्त्व उष्णता सोसत नाही, आणि पाण्यात उतरतं. तुम्ही इतकं शिजवता, पाणी टाकता, परत तापवता. ताटात येईपर्यंत उरतं काय?"

बत्तिशी इतका वेळ खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे उपासमारीचा आजार?"

"तसंच म्हणा. पोट भरलेलं, आणि एका गोष्टीची उपासमार."

"आमच्या दारात फळांची गाडी उभी असते," तो म्हणाला, आणि आपणच बोललेलं ऐकून त्याचे कान लाल झाले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक, जेवण झाल्यावर, आणि मग हळूहळू फळांवर यायचं. पूर्वी काही आजार होता का, हेही विचारलं. बत्तिशीनेच सांगितलं की आईला एकदा मुतखडा झाला होता. "मग तर लिहिलंय त्यापेक्षा एक गोळीसुद्धा जास्त नको," त्या म्हणाल्या. त्याने मान डोलावली. माझ्या डोळ्यांदेखत डोलावली.

माणूस लाजला की गप्प बसतो असा माझा समज होता. बत्तिशी लाजला आणि कामाला लागला. औषधाच्या दुकानातून गोळ्यांची भली मोठी बाटली आणली, वर पाण्यात फसफसणाऱ्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या आणल्या, चघळायच्या आणल्या. सकाळची गोळी झाली की दोन तासांनी हा प्लास्टरचे हात धुऊन वर जायचा. "आई, आणखी एक घे." दुपारी एक फसफसती. चहाबरोबर एक चघळायची. पाच-सहा दिवसांत मावशींच्या चेहऱ्यावर खरोखर तजेला आला, हिरड्यांचं रक्त थांबलं, तेव्हा तर याला ऊत आला. एवढ्याने एवढा फरक, मग आणखी दिल्या तर? मी म्हटलं, "अरे, तुझ्या मेणातसुद्धा माप असतं. हे औषध आहे." तर माझ्यावरच उखडला. "तुझी आई असती तर कळलं असतं तुला." मी तिथून काढता पाय घेतला. नंतर वाटलं की वहिनींना तरी सांगायला हवं होतं.

मावशींचं पोट बिघडलं. पोटात कळा, जुलाब, पाणीसुद्धा टिकेना. आणि त्यांनी काय केलं? काही नाही. मुलाने हात पुढे केला की गोळी घ्यायची, "बरं वाटतंय रे" म्हणायचं आणि तो खाली गेला की भिंतीला धरून मोरीकडे जायचं. एका सकाळी वहिनींना त्या मोरीच्या दारात बसलेल्या दिसल्या. उठता येत नव्हतं. पुन्हा माझी गाडी, पुन्हा तोच दवाखाना.

दुपारची वेळ होती. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर अर्धा खाल्लेला डबा उघडाच होता. बत्तिशीने पिशवीतून गोळ्या काढून एकेक करून टेबलावर ठेवल्या तेव्हा त्या नुसत्या बघत राहिल्या.

"कुणी सांगितल्या एवढ्या?"

"कुणी नाही. म्हटलं, लवकर बरं वाटेल."

"जास्तीचं शरीर बाहेर टाकतं. टाकता टाकता पोट बिघडवतं. आणि ज्याला एकदा मुतखडा झालाय त्याला पुन्हा होण्याची भीती वाढते. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. या चघळायच्या गोळ्या आंबट असतात, सारख्या तोंडात ठेवल्या तर दातावरचं कवच झिजतं. तुम्ही तर दातांच्या धंद्यातले ना?"

बत्तिशी टेबलावरच्या गोळ्या परत पिशवीत भरायला लागला.

"आजार आईला झालाय की तुम्हाला?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "तुमची लाज तुम्ही यांच्या पोटात का भरताय?"

मला वाटलं आपण इथे नसतो तर बरं झालं असतं. मित्राची अशी शोभा पाहू नये.

मग डॉक्टरीणबाई मावशींकडे वळल्या. "मावशी, गोळ्या बंद. आता मला एवढंच सांगा, इतके महिने फळ का नाही खाल्लं?"

"भूकच नसायची."

"कुठलं आवडतं?"

मावशींनी पदर सारखा केला. वहिनी म्हणाल्या, "पेरू. कडक पेरू."

डॉक्टरीणबाईंच्या डब्यात पेरूच्या फोडी होत्या. त्यातली एक त्यांनी मावशींच्या पुढे धरली. "पोट बरं होईपर्यंत गिळू नका. नुसती चावून दाखवा."

मावशींनी फोड घेतली. आधी बत्तिशीकडे पाहिलं. ते पाहणं मला कळलं नाही तेव्हा. एखादं लहान मूल आपल्या हातून काही फुटलंय हे घरच्यांना कळणार म्हणून बघतं, तसं त्या आपल्या मुलाकडे बघत होत्या. मग त्यांनी फोड पुढच्या दातांनी धरली आणि दाबली. वरची कवळी मागच्या बाजूने सुटली, खट्कन खाली आली, आणि दातांची ती सुंदर ओळ ओठांतून अर्धी बाहेर लोंबली. मावशींनी पटकन हाताने ती आत ढकलली. फोडीवर दाताची एक खूण तेवढी उमटली होती. पेरू तुटला नव्हता.

"हे कधीपासून?" बत्तिशीने विचारलं. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"काही नाही रे. आजच जरा सैल वाटतेय."

"आई, कधीपासून?"

मावशींनी फोड मुठीत लपवली.

उत्तर द्यायची गरजच नव्हती. त्याच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण ते. झिजून सपाट झालेल्या हिरडीवर उंच, टोकदार दात चालत नाहीत. पुढची ओळ बाहेर काढली आणि खालचे खरे दात तिच्यावर दाबले की कवळी मागून उचलली जाणारच. दुसऱ्या कुणी असं काम केलं असतं तर याने त्याची टर उडवली असती. रोज निळा कागद धरला तो तोंड नुसतं मिटवून. चघळायला लावून एकदाही पाहिलं नव्हतं.

परत येताना गाडीत तो मागे आईशेजारी बसला. मग त्याने विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तू लहान असताना मातीचा घोडा केला होतास. आठवतो? तुझ्या बाबांना दाखवायला घेऊन गेलास. ते म्हणाले, पाय वाकडे आहेत. तू काही केलंस की ते काहीतरी वाकडं शोधायचेच. तू हसायचास, आणि आत जाऊन रडायचास. मी तेव्हा ठरवलं, या घरात तुझ्या कामाला नावं ठेवायला एक माणूस पुष्कळ झालं. आपण ठेवायची नाहीत." मग म्हणाल्या, "फोटोसुद्धा लावलास. सगळ्यांना दाखवतोस. कसं सांगणार?"

समोरच्या आरशात मला बत्तिशी दिसत होता. दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकलं होतं. मी आरसा वर फिरवला.

त्या संध्याकाळी त्याने फोटो उतरवला. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन बसला. "आई मला छान म्हणाली," तो म्हणाला. "ती सोडून आणखी कितीजण म्हणाले असतील?" भिंतीपलीकडे त्याच्या फळ्यांवर जबड्यांच्या ओळी होत्या. त्यातल्या कितीजणांच्या घरी भाजीचा लगदा होत असेल, याचा हिशोब तो करत होता आणि तो काही लागत नव्हता. त्याला धीर द्यायला मी काहीतरी चेष्टा करणार होतो, पण ती गिळून चहा सांगितला. एरवी माझी जीभ कधी अडत नाही. ज्या डॉक्टरांचं काम तो करायचा त्यांना त्याने स्वतः फोन केले. कुणाला खाताना त्रास होत असेल तर फुकट दुरुस्त करून देतो म्हणाला. काहीजण परत आले. प्रत्येकजण त्याच्यासमोर ओशाळून उभा राहायचा, आणि त्यांच्यापेक्षा जास्त हा.

मावशींचं पोट चार दिवसांत ताळ्यावर आलं. वहिनींनी संत्र्याचा रस, टोमॅटो, वरून पिळलेलं लिंबू सुरू केलं. कोबी आणि भोपळी मिरची बारीक चिरून जेमतेम वाफ आली की उतरवायच्या. शिलाईवालीच्या दुकानासमोरून जाताना त्या मुद्दाम मावशींचा हात धरून हळूहळू जायच्या. शिलाईवालीने एकदा मान वर केली आणि पुन्हा मशीनवर वाकवली. डाग फिके होत गेले. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोजच्या खाण्यात ताजं आहे तोवर गोळी लागणार नाही, आणि कधी लागलीच तर विचारून घ्या.

नव्या कवळीसाठी एका दातांच्या डॉक्टरांकडून नवं माप घेतलं. बत्तिशीने या वेळी आखूड, सपाट दात निवडले आणि ओळ आत घेतली. दिसायला ती कवळी अगदी त्या जुन्या, हातोडीखाली गेलेल्या कवळीसारखी होती. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. त्यालाही ते दिसतच होतं.

कवळी बसवायचा दिवस नेमका रविवार निघाला. वर्कशॉपमध्ये एक जोडपं आलं होतं, नवऱ्याची कवळी करायला. मीही तिथेच होतो. बत्तिशीने त्यांना थांबवून घेतलं. का, ते मला आधी कळलं नाही. मग त्याने जिन्याखालून हाक मारली, "आई, खाली ये गं."

मावशी हात पुसत आल्या. ट्यूबलाइटखाली आपल्या नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. त्याने नवी कवळी त्यांच्या तोंडात बसवली. त्यांनी सवयीने त्या जोडप्याकडे तोंड केलं आणि हसल्या.

"हसू नकोस आई," बत्तिशी म्हणाला. "खा."

टेबलावर बशीत पेरूच्या कडक फोडी चिरून ठेवल्या होत्या. तो स्वतः बुटक्या स्टुलावर आईसमोर बसला. मावशींनी एक फोड उचलली, दातांत धरली आणि दाबली. फोड तुटली. त्या चावायला लागल्या.

"छान आहे रे," त्या म्हणाल्या.

बत्तिशी उठला नाही. खाली मान घालून तसाच बसून राहिला. त्या जोडप्यातल्या बाईने नवऱ्याकडे पाहिलं. मावशींनी दुसरी फोड घेतली. चावता चावता थांबल्या. एकदा गिऱ्हाइकांकडे पाहिलं, एकदा मुलाच्या झुकलेल्या डोक्याकडे. त्याच्या केसांत प्लास्टरची पूड होती. मग त्या हळूच म्हणाल्या, "डावीकडे टोचतंय."

त्याने मान वर केली.

"मागच्या दाढेपाशी," मावशी म्हणाल्या. आता आवाज जरा मोठा होता. "आणि बी आत जातेय. खरं सांगू का, आधीची तर पहिल्या दिवसापासून धड नव्हती."

त्याचे कान, मान, सगळं लाल झालं. गिऱ्हाइकांसमोर, माझ्यासमोर. पण तो तिथून हलला नाही. त्याने तळहात पुढे केला. आणि मावशींनी, ज्या एरवी हसतानाही तोंडावर हात धरायच्या त्या मावशींनी, परक्या माणसांदेखत कवळी काढली आणि पेरूच्या बियांसकट त्याच्या हातावर ठेवली.

तो उठून यंत्राकडे गेला. यंत्र सुरू झालं, भिंतीपलीकडे माझ्या फ्रेमा थरथरायला लागल्या. मावशी खुर्चीत बसल्या, बशी मांडीवर घेतली आणि बोळक्या तोंडाने यंत्राच्या आवाजावर ओरडल्या, "आणि जरा लवकर कर रे, फोडी काळ्या पडतायत."